लांबच्या राइडमध्ये हात बधिर होतात, पेग थरथरतात: स्पोर्ट बाइकचं व्हायब्रेशन मुळापासून कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. शहरात गाडी छान वाटते, हायवेवरचा पहिला तासही मजेत जातो. मग उजव्या तळहातात झिणझिण्या सुरू होतात. करंगळी आणि अनामिका बधिर होतात, पेगवर टेकलेल्या तळव्यांना मुंग्या येतात, आरशातली मागची गाडी नुसता डाग दिसते. थांबून हात झटकले की बरं वाटतं, निघालं की थोड्या वेळाने पुन्हा तेच. जाड ग्रिप येतात, हँडलच्या टोकांना लावायची वजनं म्हणजे जड बार-एंड येतात, जेलचे हातमोजे येतात, आणि पुढच्या राइडला हात तितकेच सुन्न.

हा त्रास परत परत येतो, कारण त्याचे उगम तीन आहेत आणि तिन्हींचा शेवट हातातच होतो. इंजिन थरथरतं, चाकं किंवा चेन थरथरते, किंवा थरथर बेताचीच असते आणि अंगाचं वजन मनगटांवर पडून नस दाबली जाते. चाकाचं बॅलन्सिंग केल्याने इंजिनाची थरथर जात नाही आणि मनगटावरचं वजन कुठलाही बार-एंड उचलत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी उगम ठरवा. त्यासाठी मोकळा सरळ रस्ता आणि शांतपणे दिलेलं लक्ष पुरतं.

नवी थरथर की पहिल्या दिवसापासूनची?

गाडी घेतल्यापासून थरथर तशीच असेल तर ती बहुधा इंजिनाच्या रचनेतली आहे किंवा तुमच्या बसण्यातली. अचानक सुरू झाली असेल तर काहीतरी सैल झालंय, झिजलंय किंवा वाकलंय. अशा वेळी आधी आठवा की त्याच्या थोडं आधी गाडीवर कोणतं काम झालं. टायर बदलला असेल तर संशय बॅलन्सिंगवर आणि टायर रिमवर नीट बसलाय का यावर. चेन ताणून घेतली असेल तर ती जास्त ताणली गेली असेल. गाडी पडली असेल तर हँडल, बार-एंड, पेगचं ब्रॅकेट, रिम हे सगळं तपासायचं.

इंजिन उतरवून परत बसवल्यानंतर थरथर वाढली, तर दोन गोष्टी आधी विचारा. इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे माउंटिंग बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि टॉर्कने आवळले का? क्रम चुकला तर इंजिन फ्रेममध्ये ताणलेल्या अवस्थेत अडकतं आणि आधी कधी न जाणवलेली थरथर पेगमध्ये येते. दुसरं, इंजिन आतून उघडलं होतं आणि त्याला बॅलन्सर शाफ्ट आहे, तर तो क्रँकशी (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याशी) खुणा जुळवून बसवला का? एका दाताचा फरक पडला तरी जो शाफ्ट थरथर मारायला ठेवलाय तोच ती वाढवतो.

रस्त्यावरच्या चाचण्या

पहिली चाचणी वेग कायम ठेवून गिअर बदलण्याची. टॉप गिअरमध्ये ज्या वेगाला त्रास होतो तो वेग धरा, एक गिअर खाली या, वेग तोच ठेवा. चाकं आधीइतकीच फिरतायत, इंजिन मात्र जास्त आरपीएमवर (मिनिटाला जास्त फेऱ्यांवर) गेलंय. थरथरीचा पोत बदलला, ती बारीक झाली, वाढली किंवा एकदम गेली, तर उगम इंजिनात आहे. काहीच बदललं नाही तर नजर चाकांकडे वळवा. हीच चाचणी उलटीही करता येते: आरपीएम तोच, गिअर वेगळे, म्हणजे वेग वेगळे.

दुसरी चाचणी क्लचची. मागेपुढे कुणी नसताना, सरळ रस्त्यावर, त्रासाच्या वेगाला क्लच दाबा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. थरथर तत्काळ गेली तर ती इंजिनाची. गाडी वेग हरवत जाते तसतशी हळूहळू मंदावत गेली तर चाकांची. चेन या दोघांच्या मध्ये बसते: ती फिरत राहते, पण तिच्यावरचा जोर गेलेला असतो. म्हणून रेस दिल्यावर एक प्रकारची आणि रेस सोडल्यावर दुसऱ्या प्रकारची घरघर येत असेल तर चेन, स्प्रॉकेट आणि मागच्या हबमधले रबर संशयित.

तिसरी चाचणी गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत. त्रासाच्या आरपीएमपर्यंत हळूच रेस द्या, फार वेळ धरून ठेवू नका. तीच झिणझिण ग्रिपमध्ये आली तर चाकांचा प्रश्नच मिटला. या वेळी कुणाला तरी फेअरिंगचे भाग, आरसे, नंबरप्लेट एकेक करून हाताने दाबून बघायला सांगा. सायलेन्सर आणि त्याच्या ब्रॅकेटला मात्र गाडी गरम असताना हात लावायचा नाही, ते गार झाल्यावर हलवून बघा. बरंचसं ‘इंजिनाचं’ व्हायब्रेशन एखाद्या सैल क्लिपचं किंवा रबर निघून गेलेल्या ब्रॅकेटचं निघतं.

नुसत्या जाणिवेवरूनही पुष्कळ कळतं. १२०/७०-१७ या मापाच्या पुढच्या टायरचा घेर साधारण १.८८ मीटर असतो. म्हणजे ताशी १०० किमीला चाक सेकंदाला सुमारे १५ फेऱ्या मारतं, आणि बॅलन्स बिघडलेलं चाक सेकंदाला १५ धक्के देतं. इतके धक्के डोळ्यांना दिसतात, हँडल हलताना दिसतं. ६,००० आरपीएमवर क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो आणि सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात मुख्य थरथर त्याच्या दुप्पट, २०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २०० वेळा असते. ती डोळ्यांना हलताना दिसत नाही. आरसा धूसर होतो आणि कातडीला मुंग्या येतात.

इथे फोनची ॲप फारशी कामाची नाहीत. फोनमधला सेन्सर सेकंदाला जितक्या वेळा मोजतो त्याच्या निम्म्यापर्यंतचीच थरथर त्याला खरी दिसते, आणि २०० हर्ट्झ बऱ्याचदा त्या मर्यादेबाहेर जाते. शिवाय हँडलवर फोन घट्ट बसवून लांब जाऊच नये. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींची थरथर हँडलवरून थेट फोनपर्यंत पोचली तर कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि फोकस बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. लावायचाच असेल तर रबराचा डॅम्पर असलेला माउंट घ्या.

उगम इंजिनात निघाला तर

चार सिलिंडरचं इंजिन ‘स्मूथ’ म्हणून ओळखलं जातं, आणि लांबच्या राइडमध्ये हाताला झिणझिण्यांची तक्रारही त्याच इंजिनाबद्दल वारंवार येते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नेहमीच्या रचनेत दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा बसणारा मोठा धक्का एकमेकांत जिरतो. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त अंतर कापतो, खालच्या अर्ध्यात कमी. वर जाणाऱ्यांचा आणि खाली येणाऱ्यांचा हिशेब पूर्ण जुळत नाही. उरलेला जोर एका फेरीत दोनदा येतो आणि चारही सिलिंडरचा एकाच दिशेने येतो, म्हणून त्याची बेरीज होते.

आता हे हाताशी जोडून बघा. बोटांच्या कातडीखाली थरथर ओळखणारे जे खोलवरचे संवेदक आहेत ते २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात. चार सिलिंडरचं इंजिन ६,००० ते ७,५०० आरपीएमवर नेमकं २०० ते २५० हर्ट्झ देतं, आणि मध्यम क्षमतेच्या कितीतरी स्पोर्ट बाइक हायवेच्या वेगाला याच पट्ट्याच्या जवळपास फिरत असतात. धक्का लहान असतो, पण हाताला जे सर्वांत चांगलं कळतं त्याच ठिकाणी बसतो.

बाकीच्या रचनांचं थोडक्यात. एका सिलिंडरचा मोठा धक्का फेरीला एकदा बसतो, बॅलन्सर शाफ्ट तो बराच कमी करतो, तरी वरच्या आरपीएमवर तो उरतोच. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये हा पहिला धक्का क्रँकच्या प्रतिवजनाने जवळजवळ पूर्ण संपवता येतो. १२० अंशांच्या तीन सिलिंडरमध्ये फेरीला एकदा आणि दोनदा येणारे दोन्ही जोर एकमेकांना मारतात, पण इंजिन टोकापासून टोकापर्यंत डोलतं, ते बॅलन्सर सांभाळतो. यामाहाने २००९ च्या आर१ मध्ये चार सिलिंडरचा क्रँक ९०-९० अंशांवर फिरवला, त्याने फेरीला दोनदा येणारा जोर गेला आणि बदल्यात तेच डोलणं आलं, म्हणून तिथेही बॅलन्सर शाफ्ट लागला. तुमच्या गाडीचं इंजिन कोणत्या घराण्यातलं आहे हे माहीत असलं की कोणती थरथर तिचा स्वभाव आणि कोणती तिचा आजार, हे वेगळं काढता येतं.

यानंतर मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो ती तपासणी. टॉप गिअरमध्ये ४,००० पासून हळूहळू रेस वाढवत जा आणि ग्रिप कुठे थरथरते ते लक्षात ठेवा. इंजिनाचा असंतुलित जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ५,००० वर जितका असेल त्याच्या १.४४ पट ६,००० वर. म्हणजे थरथर सतत चढत जायला हवी. पण ५,४०० पर्यंत शांत, ५,८०० ला असह्य आणि ६,५०० ला पुन्हा बरी, असं होत असेल तर दोष एकट्या इंजिनाचा नाही. हँडलबारची स्वतःची थरथरण्याची जी नैसर्गिक गती आहे ती त्या आरपीएमला इंजिनाशी जुळतेय आणि हँडल ती थरथर मोठी करून तुमच्या हातात देतंय.

बार-एंडचं वजन नेमकं या दुसऱ्या बाबतीत उपयोगी पडतं. वजन वाढवलं की हँडलची नैसर्गिक गती खाली सरकते आणि त्रासाचा पट्टाही खाली सरकतो. तुम्ही ५,८०० वर चालवत असाल आणि पट्टा ५,००० वर गेला तर सुटलात. पण त्रास आधीच तुमच्या रोजच्या आरपीएमच्या थोडा वर होता, तर जड बार-एंडने तो ओढून नेमका तुमच्या वेगावर आणून ठेवला, असंही होतं. एकाच मॉडेलच्या दोन मालकांचे अनुभव अगदी उलटे का असतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथे आहे. म्हणून आधी पट्टा शोधा, मगच वजन ठरवा. बसवताना उजव्या बाजूला ग्रिप आणि बार-एंड यांच्यात एक-दोन मिलिमीटर जागा सोडा आणि रेस सोडल्यावर ग्रिप आपोआप झटकन मागे येते का ते हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. अडकणारी रेस जीवघेणी ठरते.

हँडलच्या पोकळीत भरायचे रबराचे किंवा सिलिकॉनचे पदार्थ गती फारशी सरकवत नाहीत, ते थरथर शोषून तिचा शेंडा बोथट करतात. पट्टा अरुंद पण तीव्र असेल तर वजन आणि भराव मिळून चांगला परिणाम होतो.

पट्टा नाही, थरथर आरपीएमबरोबर नुसती वाढतच जाते, तर खरा उपाय आरपीएम कमी करण्याचा. पुढचं स्प्रॉकेट १५ ऐवजी १६ दातांचं केलं तर त्याच वेगाला ६,००० ऐवजी ५,६२५ आरपीएम होतात, आणि वर्गाच्या हिशेबाने जोर सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. किंमत म्हणून टॉप गिअरमधला उठाव कमी होतो. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये जागा आहे का, चेन पुरते का, स्विंगआर्मवरच्या रबराला ती घासत नाही ना, हे आधी तपासा. आणि स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागेल, ते दुरुस्त करून घ्या.

सर्व्हिसिंगची कामं लवकर आटोपणारी आहेत. चार थ्रॉटल बॉडी (प्रत्येक सिलिंडरला हवा सोडणारे भाग) एकमेकांशी सिंक नसतील, म्हणजे सारख्या उघडत नसतील तर आयडलला आणि खालच्या आरपीएमला इंजिन खडबडीत चालतं. एखादा प्लग कमजोर असेल, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स गेलं असेल तरी तेच. हे सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालेलं असावं, नसेल तर बाकी प्रयोग त्यानंतर.

चाकं आणि चेन

टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजा. बऱ्याच मोठ्या स्पोर्ट बाइकना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते, पण तुमच्या गाडीच्या स्विंगआर्मवरच्या किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवर जे आहे तेच खरं. हवा जास्त असली की रस्त्याचा प्रत्येक सांधा मनगटात येतो. रिमवर बॅलन्सिंगचं वजन निघाल्याची चिकट खूण दिसते का, टायरच्या कडेने रिमलगत जी गोल रेघ असते ती सगळीकडे सारख्याच अंतरावर आहे का, टायरच्या नक्षीचे ठोकळे एका बाजूने उंच आणि दुसऱ्या बाजूने झिजलेले आहेत का, हे बघा. तसं झिजलेलं टायर कितीही बॅलन्स केलं तरी गुरगुरतंच, ते बदलावंच लागतं.

चेनची ढिलाई एकाच जागी मोजून सोडू नका. मागचं चाक थोडं थोडं फिरवून निदान चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागली तर चेन असमान ताणली गेली आहे, आणि सैल जागा बघून ती आवळली तर घट्ट जागी बेअरिंगवर जोर येऊन पेगमध्ये घरघर येते. ढिलाई घट्ट जागेवर मोजूनच ठेवायची. मागचं स्प्रॉकेट हाताने पुढेमागे हलवल्यावर सहज खेळत असेल तर हबमधले रबर संपलेत. हे रबर स्वस्तातले आणि विसरले जाणारे, पण इंजिनाचे झटके चाकापर्यंत जाताना पचवायचं काम त्यांचंच आहे.

पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू वळवा. मध्यभागी खाचेत बसल्यासारखं अडकलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहेत. याने थरथर क्वचित येते, पण सरळ रस्त्यावर गाडी सतत सावरावी लागते आणि त्यासाठी हात आवळले जातात. थकवा तिथून सुरू होतो.

बसणं: सर्वांत जास्त दुर्लक्षित उगम

स्पोर्ट बाइकवरच्या हात बधिर होण्याच्या तक्रारींत मोठा वाटा मनगटावर पडलेल्या वजनाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. आवळलेला हात थरथर जास्त शोषतो, म्हणून वजन आणि थरथर एकमेकांना वाढवतात आणि दोष सगळा इंजिनाला जातो.

कोणती बोटं बधिर होतात हे नीट बघा, कारण बोटं नस सांगतात. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू सुन्न होत असेल तर दबाव तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेवर पडतोय. अंगाचं वजन तिथे टेकलंय, बहुधा कोपर ताठ आहे. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनाही हाच त्रास याच कारणाने होतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट वाकलेलं आहे आणि मुठीचा जोर जास्त आहे. फक्त उजवा हात सुन्न होतो तर रेस घट्ट धरली जातेय. सगळीच बोटं गार आणि पांढुरकी पडत असतील तर रक्तपुरवठ्याकडे बघा: थंडी, घट्ट हातमोजे, घट्ट आवळलेली बाही किंवा घड्याळ.

वजनाची परीक्षा सोपी. सरळ मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाने जाताना, ग्रिप न सोडता, दोन्ही हातांची बोटं मोकळी हलवता येतात का? कोपर पंखांसारखे खालीवर करता येतात का? नसतील येत तर धड हातांवर लटकलंय. ते वजन मांड्यांनी, पोटाने आणि पेगवरच्या पायांनी घ्यायला हवं. गुडघ्यांनी टाकी धरा, पायांचे पंजे पेगवर ठेवा, कंबरेतून पुढे वाका, पाठीचा कुबड करून नको. ग्रिपवर हात चिमणीचं पिल्लू धरावं इतक्याच जोराचा.

नुसतं ठरवून हे तासभरही टिकत नाही, कारण गाडी तुम्हाला पुढे ढकलत असते. स्पोर्ट बाइकची सीट टाकीकडे उतरती असते. गुळगुळीत टाकीवर गुडघे घसरतात, प्रत्येक ब्रेकला तुम्ही थोडे पुढे सरकता आणि परत मागे जायचं राहून जातं. टाकीच्या दोन्ही बाजूंना खरखरीत रबराचे ग्रिप पॅड लावणं हा माझ्या मते सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त गुण देणारा उपाय आहे, बार-एंडच्याही आधी करावा असा. मग मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, बघा. गाडीवर चढल्यावर, पूर्ण राइडिंग गिअरमध्ये, मागचा भाग पूर्ण मोकळ्या स्थितीपासून साधारण ३० ते ४० मिलिमीटर बसला पाहिजे. तो जेमतेम बसत असेल तर मागचं टोक उंच राहतं, सीट अजून उतरती होते आणि तुमचं वजन घसरत मनगटावर येतं. प्रीलोड कमी केल्याने हातांची तक्रार गेली, हे मेकॅनिकलाही कधी कधी पटत नाही, पण करून बघा.

लिव्हरचा कोन बदलायला अॲलन की पुरते. सीटवर नेहमीसारखे बसा, हात सरळ पुढे करा, बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ आली पाहिजे. लिव्हर फार वर असेल तर क्लच दाबताना दर वेळी मनगट मागे मुडपतं. क्लिप-ऑन (फोर्कच्या नळ्यांना आवळलेली हँडलची दोन अर्धी) उंच करणारे रायझर बसवायचे असतील तर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ब्रेकचा पाइप आणि केबली ताणल्या जात नाहीत, बोटं टाकी किंवा फेअरिंगमध्ये चिमटत नाहीत, हे गाडी हलवण्याआधी बघा.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट, कारण ती फार जणांना उलटी वाटते. छातीवर येणारा वारा तुमचं धड उचलून धरतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ६० पेक्षा १०० किमीला तो जवळजवळ २.८ पट असतो. ज्याचं मनगट शहरात दुखतं त्याला हायवेवर बरं वाटतं ते यामुळे. आरामासाठी उंच विंडस्क्रीन बसवली की छातीवरचा हा आधार जातो आणि तेच वजन तळहातांवर येतं. शिवाय काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी फाटकी हवा नेमकी हेल्मेटवर आदळली तर डोकं सतत हलत राहतं आणि मान आखडते. स्क्रीन बदलल्यानंतर हात दुखू लागले असतील तर जुनी परत लावून एक राइड करा.

सीटचा फोम मऊ असला की छान वाटतो तो पहिल्या काही मिनिटांत. नंतर तो पूर्ण दबतो, बसायची दोन हाडं खालच्या कडक बेसवर टेकतात आणि मग थरथर सरळ पाठीच्या कण्यात जाते. लांबसाठी थोडा कडक, पण रुंद आधार देणारा फोम चांगला. मांडीच्या सांध्यात किंवा गुप्तांगाच्या भागात बधिरपणा येत असेल तर सीटचा उतार तुम्हाला नाजूक भागावर ढकलतोय. हे सहन करून चालवत राहू नका, उतार बदलून घ्या.

पेग नुसते धातूचे असतील तर रबर घातलेले पेग आणि जाड तळव्याचे बूट बराच फरक पाडतात. पेग खाली घेतले तर गुडघ्यांना बरं वाटतं, पण वळणावर ते लवकर टेकतात. थरथर कमी करतात म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांसाठी आयएसओ १०८१९ हे मानक आहे. त्यांचा उपयोग वरच्या फ्रिक्वेन्सीच्या झिणझिणीवर होतो, खालच्या धक्क्यांवर फारसा नाही. पण तळहात फार जाड झाला तर ग्रिप धरायला जास्त जोर लागतो आणि मिळालेला फायदा निघून जातो. त्यापेक्षा नीट मापाचे, तळहातावर जाड शिवण नसलेले हातमोजे घ्या.

थांबण्यापेक्षा थरथर कमी करणं का महत्त्वाचं

थरथरणाऱ्या हत्यारांवर काम करणाऱ्या कामगारांसाठी युरोपीय संघाचा २००२/४४ हा निर्देश आहे. आठ तासांच्या हिशेबात हाताला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी थरथर पोचली की मालकाने उपाय करायचे, आणि ५ ही वरची मर्यादा. हा नियम हौशी स्वाराला लागू नाही, पण त्यातलं गणित उपयोगी आहे. दिवसभराचा भार थरथरीच्या सरळ प्रमाणात वाढतो, वेळेच्या मात्र वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे थरथर निम्मी केली तर भार निम्मा होतो. राइडचा वेळ निम्मा केला तर भार फक्त सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. नुसतं जास्त वेळा थांबून हा प्रश्न सुटत नाही, तो उगमापाशीच सोडवावा लागतो.

तरीही थांबा घ्याच, आणि बोटं बधिर झाल्यावर नाही, त्याच्या आधी. सुन्न बोटांना ब्रेक लिव्हरवर किती जोर पडतोय हे कळत नाही. थांबलात की मुठी उघडमिट करा, मनगटं दोन्ही बाजूंना हळूच ताणा, पाणी प्या, चार पावलं चाला. चालवताना तासन्‌तास एकाच आरपीएमला राहू नका. रेस धरायला मदत करणारी, तळहाताने दाबायची पट्टी उजव्या हाताचा ताण खूप कमी करते, पण गर्दीत ती फिरवून बाजूला करा. थंडीत हात उबदार ठेवा, गार पडलेल्या बोटांतलं रक्त आधीच कमी झालेलं असतं आणि तीच थरथर त्यांना जास्त लागते.

गाडीवर कामं करताना एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच आरपीएमला परत तपासा. ग्रिप, बार-एंड आणि स्प्रॉकेट एकाच दिवशी बदलले तर काय उपयोगी पडलं हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या गाडीवर सगळा शोध पहिल्यापासून करावा लागेल.

राइड संपल्यावर बधिरपणा काही वेळात जायला हवा. दुसऱ्या दिवशीही राहत असेल, रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळत असतील किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर गाडीचं काम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. कोणती बोटं, कोणत्या हाताची, किती वेळ चालवल्यावर आणि थांबल्यानंतर किती वेळ, हे लिहूनच न्या. मनगटात दाब आहे, कोपरात आहे की मानेत, हे ठरवताना त्यांना याच माहितीची सर्वांत जास्त गरज पडते.